ध्यानकुटी : चिरे आणि चुडते



डिचोली महालातील हरवळ्याची लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. हा दगड खाणीत मऊ असतो; वारा लागला की कठीण होतो. त्याच जांभ्या चिऱ्यांची कमरेइतकी भिंत, वर बांबूचे वासे व विणलेली चुडते, खाली शेणाने सारवलेली जमीन. एवढ्यावर देवालयाच्या आवारात एका साधकापुरती ध्यानकुटी उभी राहते. पावसाळी वारे नैर्ऋत्येचे, म्हणून दार पूर्वेस ठेवावे.

चुडते मात्र वरचेवर, मृगापूर्वी, बदलावी लागतात. हा दोष नव्हे. सिमेंटच्या छपराला वर्षानुवर्षे कोणाची गरज भासत नाही; चुडतांच्या छपराला महाजनांचे हात लागतात. दूरदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांस देवाच्या दारी आणणारे हे निमित्त जतन व्हावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.