लढाऊ विमान किती हळू उडू शकते?

विमान हवेत तरते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे, आणि हा प्रवाह पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून राहतो तोवरच विमानाचे वजन पेलणारे उत्थापक बल टिकते. वेग घटला की तेच वजन पेलण्यासाठी नाक वर उचलून पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन, म्हणजे ‘अँगल ऑफ अटॅक’, वाढवावा लागतो. साध्या पंखाच्या बाबतीत तो सुमारे १५ अंशांपलीकडे गेला की प्रवाह पंखापासून सुटतो, उत्थापक बल ढासळते आणि विमान ‘स्टॉल’ होते, मग इंजिन पूर्ण जोरात का चालू असेना. शिडाच्या होडीत शीड प्रमाणाबाहेर आत ओढले की वारा तेवढाच असूनही होडी मंदावते, हे वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यातील जुन्या जाणत्यांना ठाऊक असते. तोच हा प्रकार.

अमुक विमानाचा स्टॉलचा वेग किती, हा लोकप्रिय प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. हा वेग वजनाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे इंधन आणि शस्त्रांनी वजन २० टक्क्यांनी वाढले तर तो सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढतो; विमान ६० अंश कलवून उंची न गमावता वळवले तर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि तोच वेग ४१ टक्क्यांनी चढतो. उतरताना लढाऊ वैमानिक वेगाइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष कोन दाखवणाऱ्या यंत्रावर ठेवतो, ते याचमुळे.

नाशिकजवळच्या ओझर येथे बांधल्या गेलेल्या मिग-२१ विमानाचे छोटे, पातळ, त्रिकोणी पंख ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी घडवलेले होते आणि त्याची किंमत उतरताना, ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने, चुकवावी लागे. अशा ‘डेल्टा’ पंखांवर मोठ्या कोनात हवेचे भोवरे तयार होऊन उत्थापक बल टिकवतात, त्यामुळे स्टॉल एकाएकी येत नाही. मात्र हवेचा रोध इतका वाढतो की इंजिनाचा जोर वेळीच न वाढवल्यास विमान झपाट्याने खाली बसू लागते, आणि वर उचललेल्या नाकामुळे पुढची धावपट्टीही नीट दिसत नाही.

विमानवाहू नौकेवर ही अडचण अधिकच बिकट होते. नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून धावते, म्हणून पंखांना पुरेशी हवा मिळूनही डेकच्या तुलनेत विमानाचा वेग कमी राहतो; तरीही डेकवरील तारेत विमानाचा हूक अडकवून त्याला सुमारे ९० मीटरमध्ये थांबवावे लागते, आणि हूक चुकलाच तर पुन्हा उडता यावे म्हणून चाके टेकताच इंजिनाचा जोर, कमी करण्याऐवजी, वाढवला जातो.

नौदलाच्या तेजस विमानाला म्हणूनच पंखांच्या मुळाशी ‘लेव्हकॉन’ नावाचे हलते पृष्ठभाग जोडले गेले, जेणेकरून उतरतानाचा वेग कमी व्हावा. गोव्यातील ‘आयएनएस हंसा’ तळावरच्या सरावपट्टीवर १३ सप्टेंबर २०१९ रोजी हे विमान तारेच्या साहाय्याने प्रथम थांबले आणि ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते ‘विक्रमादित्य’ नौकेवर उतरवले. नौदलाने पुढे तेजसऐवजी २६ राफेल-मरीन विमानांचा करार केला. तेजसच्या या चाचण्यांतील अनुभव मात्र दोन इंजिनांच्या भावी स्वदेशी नौदल विमानाच्या आराखड्यात वापरला जात आहे.