माहूरचा डोंगर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपले नायगाव काळ्या मातीच्या सपाट शिवारातले. डोंगर पाहायचा तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माहूरला जावे लागते. आपल्यापैकी बऱ्याच जणी तेथे जाऊन आल्या आहेत. पायऱ्या चढायच्या, ओटी भरायची, तांबुलाचा प्रसाद घ्यायचा आणि परतीची गाडी गाठायची, एवढ्यात यात्रा संपते. त्या खोऱ्याकडे निवांत पाहणे राहूनच जाते.

इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला काळ्या खडकांवरून उड्या घेणारी पैनगंगाच माहूरच्या डोंगरांना वळसा घालते. भोवती सागाचे रान आहे. फाल्गुनात पानगळीच्या रानात पळस फुलतो. श्रावणात तेच डोंगर हिरवेगार होतात आणि शिखरांवर ढग टेकतात.

या डोंगरावर मातेचा मान मोठा. साडेतीन पीठांपैकी एक असलेल्या रेणुकेचे येथे मुखच तेवढे पूजतात. परशुरामाने वेळेआधी मागे वळून पाहिले, म्हणून आई मुखापुरतीच भूमीबाहेर आली, अशी कथा आहे. एका शिखरावर दत्तगुरू, तर दुसऱ्यावर त्यांची माता अनसूया.

ही झाली पुराणातली गोष्ट. इतिहासातही माहूरची एक बाई उभी आहे. माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन मोगलांच्या बाजूने लढली. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल फौज कोंडली, तेव्हा शरण जाण्याचा शहाणा सल्ला कारतलबखानाला तिनेच दिला, असे सांगतात. लढणारी बाई थांबावे कोठे हेही जाणत होती.

शिवाय डोंगरातला किल्ला आहे, खडकात कोरलेली पांडवलेणी आहेत. माहूर-किनवटच्या रानात गोंड, कोलाम यांच्या वस्त्या आणि बंजाऱ्यांचे तांडे आहेत. त्यांची गाणी, दंडार, भरतकाम हेही आपल्याच जिल्ह्याचे धन नव्हे काय?

पण भगिनींनो, धन राखावे लागते. झाडी तुटली की झरे आटतात, माती नदीत वाहून जाते. ओटीच्या सामानाच्या प्लास्टिकच्या पिशव्या दरीत पडतात. माहेरी गेलेली लेक आईचे अंगण झाडून येते; केर टाकून येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी : मंडळाची पुढची सहल माहूरला न्यावी आणि मुक्काम एक दिवस वाढवावा. ओटी कापडी पिशवीतून न्यावी. मुलींना बरोबर घेऊन किल्ला आणि लेणी दाखवावीत. डोंगर ज्यांनी डोळे भरून पाहिला, त्याच पुढे तो राखतील.