दोन कॅमेरे



चित्रपट हा विषय या व्यासपीठाला नवा नाही. पण आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळी परस्पर घराकडे वळली असतील, आणि काही मंडळी केवळ त्या विषयामुळेच आली असतील. मी दोघांचाही ऋणी आहे. पहिल्यांनी दुसऱ्यांना बसावयास जागा करून दिली.

विषय आहे आजचा क्वीअर चित्रपट आणि तो काढणारी माणसे. 'क्वीअर' हा इंग्रजी शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. त्याचा मूळ अर्थ विचित्र, चमत्कारिक असा. इंग्रजांच्या मुलखात ती एक शिवी होती. ज्यांना ती दिली जात असे त्यांनीच एके दिवशी ती उचलली आणि स्वतःचे नाव म्हणून मिरवली. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, जन्माने मिळालेले पुरुषपण वा स्त्रीपण ज्यांना आपले वाटत नाही अशी माणसे, या सर्वांना तो शब्द आज सामावून घेतो. आपल्या मराठीत अशा माणसांसाठी शिव्या पुष्कळ आहेत. नाव मात्र अजून नीटसे सापडलेले नाही. भाषेत ज्याला नाव नाही त्याला समाजात जागा मिळणेही कठीणच जाते.

मी आज याद्या वाचून दाखविणार नाही. एका मराठी प्राध्यापकाची हकीकत सांगणार आहे आणि तिच्या आधाराने चार गोष्टी बोलणार आहे.

डॉ. रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवीत असत. ते नागपूरकडचे. इतक्या दूर उत्तरेत, जिथे मराठी अक्षर कानावर पडणे दुर्मीळ, तिथे या गृहस्थांनी आयुष्याची कितीतरी वर्षे आपली भाषा शिकविण्यात घालविली. ते कवीही होते. 'पाया खालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. २०१० सालच्या फेब्रुवारीत एका रात्री काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. सिरस तेव्हा एका पुरुषाबरोबर होते. कॅमेऱ्याने ते टिपले. विद्यापीठाने सिरसांना निलंबित केले. ते उच्च न्यायालयात गेले, आणि १ एप्रिल रोजी अलाहाबादच्या न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर सहा दिवसांनी, ७ एप्रिलला, ते आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळले.

आता ध्यानात घ्या की, सिरसांनी त्या रात्री कोणताही कायदा मोडलेला नव्हता. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजीच प्रौढांच्या खाजगी संमतीच्या संबंधांपुरते निष्प्रभ केले होते. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी स्वतःचाच निर्णय पुन्हा बदलून असे संबंध गुन्हा नाहीत असे सांगितले. २०२४ च्या जुलैपासून तर ती दंडसंहिताच गेली आणि नव्या संहितेत हे कलम नाही. पण कायदा बाजूला उभा असतानाही एका माणसाचे दार फोडता येते, हे सिरसांनी पाहिले. कायदा सुधारला म्हणजे शेजारी सुधारतो, असे थोडेच आहे?

या हकीकतीवर हंसल मेहता यांनी 'अलीगढ' हा चित्रपट काढला. तो २०१५ साली परदेशातील महोत्सवात आणि २०१६ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे लागला. पटकथा अपूर्व असरानी यांची. सिरसांची भूमिका मनोज वाजपेयी यांनी केली. या चित्रपटात एक प्रसंग आहे. रात्रीची वेळ, खोलीत अंधुक उजेड, हाती पेला, आणि लताबाईंचे एक जुने गाणे. एक वयस्क गृहस्थ डोळे मिटून, हलकेच हात हालवीत ते गाणे ऐकतो आहे. कितीतरी वेळ पडद्यावर दुसरे काहीच घडत नाही. आणि तरीही तेवढ्या वेळात आपण त्या माणसाला ओळखू लागतो. आपल्यापैकी कितीजण रात्री निजानीज झाल्यावर असेच एकटे गाणे ऐकत बसले असतील!

सिरसांच्या घरात, म्हणजे, दोन कॅमेरे गेले. पहिला दार ढकलून गेला. त्याला सिरसांचे एकच कृत्य हवे होते. बाकीचे सिरस, म्हणजे कवी, शिक्षक, गाण्याचा शौकीन, एकटा पडलेला माणूस, यांच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. दुसरा कॅमेरा सहा वर्षांनी गेला. त्याने उलट केले. ते एक कृत्य बाजूला ठेवले आणि बाकीचा सारा माणूस दाखविला. यंत्र तेच, भिंग तेच. एकाने माणसाचे वस्त्र हिरावले, दुसऱ्याने ते त्याच्या अंगावर पुन्हा पांघरले. आजच्या क्वीअर चित्रपटाविषयी मला जे सांगावयाचे आहे ते सारे या दोन कॅमेऱ्यांमधल्या फरकात आहे.

आता थोडे मागे जाऊ. हा विषय आपल्याकडे काल-परवा परदेशातून आला, अशी एक समजूत आहे. १९६१ साली इंग्लंडात बेझिल डिअर्डन यांनी 'व्हिक्टिम' हा चित्रपट काढला. त्यात डर्क बोगार्ड यांनी एका नामांकित बॅरिस्टरची भूमिका केली. या बॅरिस्टराच्या मनात एका तरुणाविषयी ओढ असते, आणि त्या ओढीचा बाजार मांडून लोकांना लुबाडणारी टोळी असते. असले संबंध तेव्हा त्या देशात गुन्हा होते, आणि गुन्हा असल्यामुळेच लुबाडणुकीला ऊत आला होता. इंग्लंडने १९६७ साली आपला कायदा बदलला. त्याच इंग्रजांनी आपल्याला दिलेला कायदा मात्र आपण पुढे पन्नास वर्षे जिवापाड सांभाळला. तेव्हा परदेशातून काय आले, प्रेम की कायदा, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आपल्या मराठीतही ही वाट अगदीच अनोळखी नव्हती. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. मित्रा या तरुणीचे प्रेम एका मुलीवर आहे, आणि ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला. त्यातल्या महिलाश्रमात दोन स्त्रियांचे असेच नाते उघडकीस येते आणि आश्रमात वादळ उठते. पण या कृतींत अशी माणसे बहुधा एक 'प्रश्न' म्हणून येतात. नाटककार आणि दिग्दर्शक त्यांच्याकडे करुणेने पाहतात, परंतु बाहेरून पाहतात.

नंतर १९९८ च्या अखेरीस दीपा मेहतांचा 'फायर' आपल्याकडे प्रदर्शित झाला. एका कुटुंबातल्या दोन जावा, दोघीही नवऱ्यांकडून उपेक्षित, एकमेकींच्या आधाराने प्रेमात पडतात. परीक्षण मंडळाने तो एकही काट न देता संमत केला होता. तरी डिसेंबरात मुंबईत आणि दिल्लीत चित्रपटगृहांवर हल्ले झाले. चित्रपट पुन्हा मंडळाकडे गेला आणि मंडळाने तो पुन्हा जसाच्या तसा संमत केला. मुंबईचेच श्रीधर रंगायन यांचे नशीब इतके चांगले नव्हते. २००३ सालच्या त्यांच्या 'गुलाबी आईना' या लघुचित्रपटाला प्रमाणपत्रच मिळाले नाही. पण हा गृहस्थ हटला नाही. २०१० सालापासून ते मुंबईत 'कशिश' नावाचा महोत्सव भरवीत आले आहेत. ज्या शहरात एका पडद्यावर दगड पडले, त्याच शहरात तिकीट काढून लोक हे चित्रपट पाहू लागले. बारा वर्षांत एवढा पालट होतो, हे निराश होणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बंगालचे ऋतुपर्ण घोष यांच्याविषयी मला विशेष बोलावेसे वाटते. कौटुंबिक जीवनाचे चित्रण करणारे मोठे दिग्दर्शक म्हणून त्यांना सारा बंगाल मानीत होता. पुढे पुढे ते दागिने घालू लागले, स्त्रीवेषाकडे झुकलेला पोशाख करू लागले, आणि आपले मन लपविणे त्यांनी सोडून दिले. २०१० सालच्या कौशिक गांगुलींच्या 'आरेकटि प्रेमेर गल्प' मध्ये त्यांनी चपल भादुडींच्या जीवनाशी जोडलेली भूमिका केली. चपल भादुडी म्हणजे बंगालच्या जात्रेत स्त्रीभूमिका करणारे नामवंत नट. २०१२ साली 'चित्रांगदा' हा चित्रपट त्यांनी स्वतः लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात कामही केले. २०१३ च्या मे महिन्यात, पन्नाशीही पुरी झालेली नसताना, ते गेले.

चपल भादुडींचे नाव निघाले की मराठी माणसाला बालगंधर्व आठवल्यावाचून राहत नाहीत. माझे म्हणणे कृपा करून नीट ऐका. स्त्रीभूमिका करणारा नट म्हणजे समलिंगी, असे मी म्हणत नाही; तसे म्हणणे अडाणीपणाचे होईल. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, नेसलेल्या शालूत पुरुषाला पाहून आपल्या आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांत पाणी येत असे, आणि आपल्या आज्या त्यांचे पाहून साडीचा पदर घेत असत. रंगमंचावर आपण जे डोक्यावर घेतले, ते रस्त्यावर दिसताच आपण हसतो. ही आपली संस्कृती आहे की आपली सोय?

आता अगदी अलीकडचे आणि आपल्या घरचे उदाहरण. रोहन परशुराम कानवडे या मुंबईच्या तरुणाने 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट काढला. तो त्यांचा पहिलाच मोठा चित्रपट. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक त्याला मिळाले. कानवडे एका चाकरमान्या घरात, एका खोलीच्या संसारात वाढले. वडील वाहनचालक होते. वडील वारल्यावर दिवसांसाठी गावी जाऊन राहावे लागले, त्या अनुभवातून हा चित्रपट उगवला.

कथा साधी आहे. आनंद हा तिशीतला मुंबईकर, वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर गावी येतो. दहा दिवसांचे सुतक. घर पाहुण्यांनी भरलेले. आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: लग्न कधी करणार? गावात बाळ्या नावाचा त्याचा बालमित्र आहे, शेतीत राबणारा. त्यालाही घरचे तोच प्रश्न विचारीत आहेत. दोघांची जुनी ओळख हळूहळू प्रेमात उमलते. आनंदच्या आईला मुलाचे मन ठाऊक आहे. नातेवाइकांपुढे ती ते झाकून घेते, पण मुलाला दूर लोटत नाही. साबर म्हणजे निवडुंग. त्याचे बोंड काट्यांनी भरलेले असते. काटे काढणारा कोणी भेटला तर आत लालभडक गोडवा निघतो. यापुढे नावाचा अर्थ सांगावयास नको.

हा चित्रपट मी पाहिला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्क जोडपे बसले होते. मध्यंतरात त्या बाई यजमानांना म्हणाल्या, "अहो, हे तर आपल्या नानांच्या दिवसांसारखंच आहे हो." त्यांना पारितोषिक ठाऊक नव्हते आणि विषयही बहुधा ठाऊक नव्हता. त्यांना दिसले ते सुतक, ती ओसरी, ते कुजबुजणारे पाहुणे. आणि त्यांतच तो मुलगा दिसला. त्यांच्यासाठी तो 'प्रश्न' नव्हता, नानांच्या दहाव्याला आलेला पुतण्या होता. तेंडुलकरांच्या मित्रापासून कानवड्यांच्या आनंदपर्यंत मराठी कलेने कापलेले अंतर त्या बाईंनी एका वाक्यात मोजले. बाहेरून पाहणारा आत आला आहे. ज्याची गोष्ट आहे तोच आता ती सांगतो आहे.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. कोणी म्हणेल, "असतील अशी माणसे, पण हे चव्हाट्यावर कशाला? खाजगी ते खाजगी राहावे." आक्षेप सभ्य आहे. पण दुसऱ्याच्या मुलाचे लग्न ही गोष्ट आपण कधी खाजगी ठेवली आहे काय? ज्याने आपले मन झाकून ठेवले त्याला आपणच खोदखोदून विचारतो, स्थळे आणतो, आईला शपथा घालावयास लावतो. आणि शेवटी तो मुलगा बोहल्यावर उभा राहतो, तेव्हा समोर अंतरपाटाआड एक मुलगी उभी असते. तिचा यात काय अपराध? एका माणसाच्या मनाची चोरी दोन माणसांचे आयुष्य खाते. म्हणून हा विषय थोड्या लोकांचा नाही, तो तुमच्या-माझ्या घराचा आहे. विवाहाचा प्रश्न कायद्यातही सुटलेला नाही; १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले आणि तो विषय संसदेकडे सोपविला. पण घरात पोराला जवळ घेण्यासाठी कोणत्या न्यायालयाची परवानगी लागते?

शेवटी पुन्हा सिरसांकडे येतो. आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या या मराठी कवीचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना त्याच्या कवितेमुळे कळले नाही. त्याच्या विटंबनेमुळे आणि नंतर एका हिंदी चित्रपटामुळे कळले. याची खंत आपणा मराठी वाचकांना वाटली पाहिजे. आपल्या आजूबाजूला आज असाच कोणी शिक्षक, कारकून, शेतकरी, भाची वा पुतण्या असेल. त्याच्याकडे दोन प्रकारे पाहता येते. दार ढकलून पाहता येते, किंवा दार वाजवून, तो उघडील तेव्हा, तो दाखवील तेवढेच पाहता येते. चांगला चित्रपट आपल्याला हे दुसरे पाहणे शिकवितो. चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर ते विसरू नये, एवढीच माझी विनंती आहे.