आकडी थांबली, पण पेशी वाचल्या का?

घाटकोपर स्टेशनच्या पुलावर, शाळेच्या वर्गात, कधी घरातही आपण कुणाला आकडी आलेली पाहिली असेल. कांदा किंवा चप्पल हुंगवून ती थांबत नाही. माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि झटके पाच मिनिटांहून लांबले तर थेट राजावाडीसारखे मोठे रुग्णालय गाठावे. हे आधी सांगतो, कारण आजच्या विषयाहून ते महत्त्वाचे आहे.

विषय असा: आकडीची गोळी लागू पडते, हे प्रयोगशाळेत ठरवतात कसे? 1937-38 च्या सुमारास बोस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांना विजेचा सौम्य झटका देऊन कोणत्या रसायनाने आकडी अडते ते पाहिले. त्यातून फेनिटॉइन आले, आपल्याकडे एप्टॉइन या नावाने ओळखीचे असलेले. पुढे उंदरांवरच्या दोन चाचण्या रूढ झाल्या: एक विजेच्या झटक्याची, दुसरी पेंटिलिनटेट्राझोल या झटके आणणाऱ्या रसायनाची. दोन्हींत प्रश्न एकच, झटका अडला की नाही. या चाचण्यांनी कितीतरी घरांना स्वस्थ झोप दिली, हे मी कृतज्ञतेने म्हणतो.

पण लेव्हेटिरासिटाम या दोन्ही चाचण्यांत नापास झाले होते. मेंदूला पुन:पुन्हा हलकी उत्तेजना देत हळूहळू अपस्मारी बनवलेल्या प्राण्यांत मात्र ते प्रभावी ठरले. आज ते जगभर दिले जाते. तेवढ्या दोनच चाचण्यांवर विसंबलो असतो, तर ते हातचे गेले असते.

शिवाय झटका अडला तरी पेशी वाचल्या का, हे या चाचण्यांतून कळत नाही. म्हणून आता बाहेरच्या झटक्याबरोबर आतल्या पेशीही पाहतात. प्राण्याला पूर्ण भूल देऊन मेंदू काढतात, त्याचे सूक्ष्म काप करतात आणि ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडे त्यावर सोडतात. जिथे रंग उमटतो तिथे ते प्रथिन. सी-फॉस हे प्रथिन नुकत्याच जोरात चेतलेल्या पेशीत दिसते. झटक्यानंतर त्याचा नकाशा मांडता येतो, हे 1987 मध्ये दिसून आले. न्यून (NeuN) हे प्रौढ चेतापेशींचे चिन्ह, जीफॅप हे ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींचे, आयबा-वन हे मायक्रोग्लिया या पहारेकरी पेशींचे. स्मृतीशी निगडित हिपोकॅम्पसमध्ये न्यून कमी आणि जीफॅप, आयबा-वन वाढलेले दिसले, तर इजा आणि दाह यांचा संशय येतो. मोजणाऱ्याला मात्र कोणता काप औषध दिलेल्या प्राण्याचा आहे, हे कळता कामा नये. नाहीतर मनात असलेले उत्तरच डोळ्यांना दिसते.

हे तंत्र आपल्या शहरातही रुळलेले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा प्रौढ हिपोकॅम्पसमध्ये नव्याने जन्मणाऱ्या चेतापेशींचा मागोवा अशाच चिन्हांनी घेते. त्यांचा मुख्य विषय ताण आणि नैराश्य, आकडीची औषधे नव्हे. पण वारंवार दिलेल्या विद्युत-आकड्यांनी हिपोकॅम्पसमधल्या तंतूंना नवे फुटवे येतात, हे दाखवणाऱ्या 1999 च्या शोधनिबंधात त्यांचा वाटा होता. आकडी संपते आणि मेंदूची जोडणी बदललेली राहते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

इथे एक फसगत होते. न्यून फिका पडला म्हणजे पेशी मेलीच असे नाही. कधी पेशी जिवंत असते, फक्त ते प्रथिन घटलेले असते. म्हणून मरणाऱ्या पेशी दाखवणाऱ्या फ्लुओरो-जेड रंगाची जोड द्यावी लागते. दुसरी फसगत मोठी आहे. औषध आधी दिले, आकडी लहान झाली आणि पेशी वाचल्या, तर औषधाने पेशी राखल्या असे म्हणता येईल का? नाही. कदाचित आकडीच कमी झाली म्हणून त्या वाचल्या. खरी परीक्षा घ्यायची तर सर्व प्राण्यांना सारखीच दीर्घ आकडी येऊ द्यावी, औषध नंतर सुरू करावे आणि काही आठवड्यांनी काप पाहावेत. त्या काळात आपोआप किती आकड्या आल्या, हेही चित्रफितीवर नोंदवत राहावे. खर्च आणि वेळ दोन्ही खूप लागतात, म्हणून हे टाळले जाते. पण आपल्याकडे साधारण तीनातल्या एका रुग्णाच्या आकड्या गोळ्यांनी पुरत्या आवरत नाहीत. ‘मेंदूचे रक्षण करणारे औषध’ असा दावा कुणी केला, तर ते आकडीच्या आधी दिले होते की नंतर, हे त्या रुग्णांसाठी आपण विचारलेच पाहिजे.