धारेची परीक्षा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वाशीम येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या कार्यवाहांनी मला ‘तरुणांनी व्यायाम करावा’ हा विषय सुचविला होता. विषय उत्तम आहे. परंतु त्यावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतोच, आणि तरुण मंडळी ते शांतपणे ऐकून घरी जाऊन झोपतात. (हशा) म्हणून मी त्या विषयाचा एक लहानसा कोपराच आज हाती घेतला आहे. तीक्ष्ण धारेच्या तलवारीने एखादी वस्तू प्रत्यक्ष कापून आपल्या हाताची परीक्षा घेणे, हा तो कोपरा होय. येत्या खंडेनवमीस आपल्या मुलामुलींच्या मर्दानी खेळांत लिंबू कापण्याचा कार्यक्रम ठेवावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आलेली आहे. त्या सूचनेस माझा पाठिंबा आहे, आणि तिच्यातील एका गोष्टीस माझा कडवा विरोध आहे. ही दोन्ही मते एकाच मनात कशी राहतात, तेवढे सांगण्यापुरताच मी उभा आहे.

आपला वऱ्हाड शस्त्रांस अपरिचित नाही. १६७० साली सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर शिवछत्रपतींचे सैन्य आपल्या कारंज्यापर्यंत येऊन गेले. पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे आला. वाशीमचे बालाजी मंदिर १७७९ साली उभारणारे भवानी काळू हे त्याच भोसल्यांच्या पदरचे. राज्ये गेली, शस्त्रे माळ्यावर गेली, तरी विद्या सर्वस्वी लोपली नाही. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. त्या संस्थेच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी आणि १९४९ साली स्टॉकहोम येथील लिंगियाडमध्ये आपले देशी खेळ परदेशीयांस दाखविले. दांडपट्ट्यास तर महाराष्ट्र शासनाने २०२४ साली राज्यशस्त्राचा मान दिला.

येथे एक गोष्ट नमूद करणे मला अगत्याचे वाटते. आपण ज्ञातीच्या संमेलनात बसलो आहोत. परंतु आखाड्याच्या मातीस जात नसते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा उगारलेला हात वरच्या वर कलम करणारा जिवा महाला नाभिक समाजातला होता, आणि ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण सर्व महाराष्ट्राच्या तोंडी आहे. अशा विद्येचा वारसा कोणा एका ज्ञातीस आपल्या पेटीत कुलुपबंद करता येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. हवेत तलवार फिरविणे आणि तलवारीने कापणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हवा कोणालाही अनुत्तीर्ण करीत नाही. फरीगदग्याच्या काठीने शिर, तमाचा, बाहेरा हे हात आपण वर्षानुवर्षे घोटतो आणि ते आपणांस साधले असे मानू लागतो. परंतु हाती खरी धार देऊन समोर केळीचा खांब उभा केला, की सारे पितळ उघडे पडते. पात्याची धार आणि वाराची दिशा एका रेषेत नसतील, तर पाते शिरत नाही; थापटी मारल्यासारखे आदळते, मध्येच अडकते, प्रसंगी वाकतेही. मनगट किंचित वळले, तरी कापलेला भाग सपाट न येता त्यास खोलगट बाक येतो. नुसत्या जोराने घाव घालणाऱ्याची तलवार अर्ध्यावर थांबते. ओढत नेणाऱ्याची पार होते. म्हणूनच आपल्या देशी तलवारीची मूठ आखूड असून तिच्या शेवटी चकती असते. ती मनगटास फार वळू देत नाही; वार खांद्यातून व कमरेतूनच आणावा लागतो. पट्ट्यात हीच गोष्ट पराकोटीस नेलेली आहे. त्याची आडवी मूठ खोबळ्याच्या आत असते आणि हाताचा पुढचा भाग लोखंडाने झाकलेला असतो. त्यामुळे मनगटाची लबाडी चालतच नाही. जमिनीवर मांडलेल्या लिंबांच्या रांगेतून गिरक्या घेत एकेक लिंबू दुभंगीत जाणारा पट्टेबाज पाहावा. तो हाताने नव्हे, पायांनी कापीत असतो.

जपानी लोकांनी या परीक्षेचे एक स्वतंत्र शास्त्रच बनविले. त्यास ते ‘तामेशिगिरी’ म्हणतात. म्हणजे कापून पाहणे. त्याचा पूर्वेतिहास कठोर आहे. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अवधीत, तलवारीचा कस पाहण्यासाठी देहदंड झालेल्या गुन्हेगारांची प्रेते वापरीत. यामादा आसाएमोन या नावाने पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारे एक घराणेच होते, आणि परीक्षेचा निकाल तलवारीच्या मुठीत दडलेल्या लोखंडावर कोरून ठेवीत. १८७६ साली त्या देशात उघडपणे तलवार बाळगण्यास बंदी झाली. विद्या मात्र टिकली, कारण तिने आपले रूप पालटले. आज तेथे घरातील चटईचे गवताचे वेष्टन पाण्यात भिजवून, त्याची घट्ट गुंडाळी करून, लाकडी खुंटावर उभी करतात. अधिक कठीण परीक्षेसाठी आत बांबू घालतात. साधक एकटा पुढे येतो, नमस्कार करतो, दोन्ही हातांनी तिरपा वार करतो आणि खाली पडलेला तुकडा उचलून स्वतःची चूक वाचतो. त्याच्या तलवारीच्या टप्प्यात दुसरे कोणीही उभे नसते. ही शेवटची गोष्ट आपण मनात धरून ठेवावी, अशी माझी विनंती आहे. कारण आता मी जे सांगणार आहे, ते मी या व्यासपीठावरून पूर्वी कधी सांगितलेले नाही.

१९७४ सालची खंडेनवमी. वाशीम त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. आमच्या गावच्या आखाड्यात मी एकोणीस वर्षांचा, हाताने बरा, आणि त्याहून अधिक टाळ्यांचा भुकेला. माझा आतेभाऊ पंधरा वर्षांचा. त्याने तळहातावर लिंबू घेऊन पाटावर हात पसरावा आणि मी वरून ते कापावे, असा खेळ ठरला. सरावात तो आम्ही अनेकदा निर्विघ्न केला होता. त्या रात्री मात्र ढोल नेहमीपेक्षा जोरात वाजत होता. मी तलवार उचलली आणि त्याच क्षणी, ढोलाच्या दणक्याने म्हणा वा भीतीने म्हणा, त्याची बोटे किंचित वर आली. लिंबाच्या बरोबर दोन फाका झाल्या. लोकांनी टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्या चालू असताना पाटावर रक्त पसरत होते, आणि ते पाहणारे आम्ही दोघेच होतो.

त्याच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. जखम भरली, पण ती बोटे पुन्हा वळली नाहीत. पुढे त्याने किराण्याचे दुकान चालविले. पुड्या तो तीन बोटांनी बांधी. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. प्रत्येक दसऱ्यास तो त्याच हाताने माझ्या हातावर आपट्याची पाने ठेवी आणि म्हणे, “दादा, सोनं घ्या.” बंधुभगिनींनो, त्या सोन्याचे ओझे मी पन्नास वर्षे वाहिले आहे.

मी कोणती चूक केली, याचा विचार करता करता माझे केस पिकले. माझा वार चुकला नव्हता. लिंबाने तशी साक्षच दिली. चूक वाराच्या आधीची होती. परीक्षा माझ्या हाताची होती, आणि तिची फी मी दुसऱ्याच्या हाताने भरली. खाली हात धरणाऱ्याचे धैर्य हे वर तलवार धरणाऱ्याच्या कौशल्याचे प्रमाण होऊ शकत नाही. सराव कितीही असो, दुसऱ्याची बोटे आपल्या सरावात नसतात. तळहातावरील, पोटावरील वा मानेवरील लिंबू कापण्याचे प्रकार पाहणाऱ्यास थरारक वाटतात, सांप्रत तर त्यांचे चित्रण क्षणात गावभर फिरते. परंतु त्यात विद्येचा अंश वाढत नाही, केवळ धोक्याचा वाढतो.

यावर कोणी म्हणेल, “मग धारच नको, लाकडी तलवारींवर भागवा.” तेही मला मान्य नाही. धारेवाचून मुलांस आपली चूक कळणार नाही, आणि चूक कळल्यावाचून नम्रता येणार नाही. ज्याने एकदा केळीच्या खांबात अडकलेली स्वतःची तलवार सोडविली आहे, तो रस्त्यावर शस्त्र मिरविण्याची भाषा सहसा करीत नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझ्या सूचना अशा आहेत. धार अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांच्याच हाती द्यावी, आणि तीही फरीगदग्यावर किमान दोन वर्षे घालविल्यानंतर. मुलींसही हाच नियम, कमी नाही वा अधिक नाही. लिंबू दोऱ्याने टांगावे. टांगलेले लिंबू तळहातावरच्या लिंबाहून कठीण असते, कारण वार तिरका बसला की ते झोका घेऊन निसटते. घड उतरल्यावर ओलिताच्या मळ्यात टाकून दिलेले केळीचे खांब आणावेत. त्यांस खर्च नाही. पऱ्हाटीच्या वा तुराटीच्या वाळल्या काड्यांवर धार चालवू नये, तिला दाते पडतात. वार करणाऱ्याच्या चहूबाजूंस दोरी बांधावी आणि तिच्या आत एका वेळी एकच मनुष्य असावा. ढोल वारापूर्वी थांबवावा. काम संपल्यावर पाते पुसून तेलाचा हात फिरवावा, कारण केळीचा चीक त्यावर डाग पाडतो. आणि ९ इंचांहून लांब पात्याची शस्त्रे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कक्षेत येतात, हे ध्यानी घेऊन पोलीस ठाण्याची लेखी परवानगी अगोदर घ्यावी.

माझा आतेभाऊ गेल्या वर्षी निवर्तला. त्याचा नातू या सभागृहात बसलेला आहे, आणि खंडेनवमीस तलवार धरण्याची इच्छा त्याने माझ्यापाशी बोलून दाखविली आहे. मी त्यास होकार दिला आहे. तो कापील ते लिंबू दोऱ्यास टांगलेले असेल, एवढे वचन मला आज आपणां सर्वांकडून हवे आहे. ते आपण द्यावे, एवढी माझी विनंती आहे.