देहातील ऊब : तपकिरी मेद आणि आतड्यातील जीवाणू



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेत आपल्या शास्त्राच्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ योजलेले व्याख्यान देण्याचा मान मला मिळावा, हे मी माझे भाग्य समजतो. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी संतवाङ्मयावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने मेद आणि जीवाणू यांवर बोलायला उभे राहणे हा अव्यापारेषु व्यापारच होय. परंतु त्यामागे एक जुने ऋण आहे. ते आधी सांगतो.

१९६१ सालचा जानेवारी. ग्वाल्हेरची थंडी आपणांस नव्याने सांगायला नको. माझी धाकटी बहीण त्या थंडीत, दिवस भरण्यापूर्वी दोन महिने जन्माला आली. आजीने तिला कापसात गुंडाळले, खोलीत शेगडी ठेवली आणि रात्रीमागून रात्री जागून काढल्या. पाचव्या दिवशी पहाटे ती गेली. पुन्हा शाळेत येऊ लागल्यावर एके दिवशी मी वर्गात गुरुजींना विचारले, ‘‘गुरुजी, थंडी वाजली की आम्ही कुडकुडतो. ती तर कुडकुडत नव्हती. मग तिला थंडी वाजत नव्हती का?’’ गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मला ठाऊक नाही. पण प्रश्न खरा आहे. वहीत लिहून ठेव.’’

गुरुजी जाऊनही आता बराच काळ लोटला. वहीतला तो प्रश्न मात्र राहिला. मुलगी वैद्यकशास्त्र शिकू लागली तेव्हा तिच्या पुस्तकांतून त्याचे उत्तर प्रथम माझ्या हाती आले, आणि एकदा धागा सापडल्यावर मी वाचतच गेलो. आज गुरुजींना मी जणू तोंडी परीक्षाच देत आहे, असे समजावे.

उत्तर असे आहे. नवजात बालक जवळजवळ कुडकुडत नाही. कुडकुडण्यासाठी स्नायूंची जी सिद्धता लागते ती त्याच्यापाशी नसते. त्याऐवजी निसर्गाने त्याला एक वेगळीच शेगडी दिलेली असते. दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेशी आणि मूत्रपिंडांभोवती एक विशेष प्रकारचा मेद असतो. तो पांढरा नसून तपकिरी असतो. स्वित्झर्लंडचे निसर्गशास्त्रज्ञ कॉनराड गेस्नर यांनी १५५१ साली मार्मोट या शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्याच्या पाठीत तो पाहिला आणि हा ना धड मेद, ना धड मांस, अशा आशयाची नोंद केली. त्याचे कार्य उमगायला मात्र पुढे चार शतके जावी लागली.

पांढरा मेद म्हणजे घरातले कोठार, तो साठवतो. तपकिरी मेद म्हणजे चूल, तो जाळतो. पेशीत अन्नातून शक्ती काढणारे जे सूक्ष्म घटक असतात, त्यांना आपण तंतुकणिका म्हणतो. तपकिरी मेदात त्या दाटीवाटीने असतात, आणि त्यांच्यातील लोहयुक्त प्रथिनांमुळे त्याला तो रंग येतो. तंतुकणिकेचे काम पाणचक्कीसारखे असते. उंचावर साठवलेले पाणी चाकावरून खाली येते, चाक फिरते, दळण निघते. तपकिरी मेदात मात्र एक चोरदरवाजा आहे. तेथून पाणी चाकाला न शिवताच खाली कोसळते. पीठ पडत नाही, सारी शक्ती उष्णता होऊन बाहेर येते. हा दरवाजा म्हणजे एक प्रथिन असून त्याचा शोध १९७० च्या दशकात लागला. इतरत्र जी उधळपट्टी ठरली असती, ती येथे प्राण वाचवते.

हा मेद गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत साठत जातो. जी मुले दिवसांआधी येतात, त्यांच्यापाशी तो पुरेसा नसतो. माझ्या बहिणीला थंडी वाजत होती, गुरुजी. ती सांगण्याचे साधन तिच्यापाशी नव्हते आणि तिची शेगडी अजून भरायची होती.

मोठ्या माणसांत हा मेद उरत नाही, अशी दीर्घकाळ समजूत होती. २००९ साली तीन संशोधकगटांनी एकाच वेळी ती खोडून काढली. त्यांपैकी एका पाहणीत १,९७२ रुग्णांच्या चित्रांकनांत ७.५ टक्के स्त्रियांच्या व ३.१ टक्के पुरुषांच्या शरीरात जागृत तपकिरी मेद आढळला. शिवाय थंडीत राहिल्यास पांढऱ्या मेदातही तपकिरीच्या गुणधर्माच्या पेशी निर्माण होऊ शकतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. २०२१ साली अमेरिकेत बावन्न हजारांहून अधिक रुग्णांची चित्रे तपासली गेली. ज्यांच्यात हा मेद दिसला त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ४.६ टक्के होते, ज्यांच्यात दिसला नाही त्यांच्यात ९.५ टक्के. मी स्वतः मधुमेही असल्यामुळे हे आकडे मी दोनदा वाचले. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हेही याच शाळेत शिकलो आहे.

आता कथेत दुसरे पात्र येते. आपल्या देहात मानवी पेशी सुमारे तीस लक्ष कोटी आणि जीवाणू सुमारे अडतीस लक्ष कोटी आहेत, असा २०१६ सालचा अंदाज आहे. या जीवाणूंचे वजन अवघे पाव किलोच्या आत भरते, आणि बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यात असते. जिनिव्हा येथील मिर्को ट्रायकोव्स्की यांच्या प्रयोगशाळेने २०१५ साली उंदरांना ६ अंश तापमानात महिनाभरापर्यंत ठेवले. त्यांच्या आतड्यातील जीवाणूंची वस्तीच बदलून गेली. मग ते जीवाणू ज्यांच्या शरीरात मुळीच जीवाणू नव्हते अशा, थंडी न भोगलेल्या उंदरांच्या पोटात घातले. त्या उंदरांनाही थंडी अधिक सोसू लागली, त्यांच्या पांढऱ्या मेदात तपकिरी छटा आली, इन्सुलीनचा उपयोग अधिक चांगला होऊ लागला आणि त्यांचे आतडे लांब झाले. थंडी एकाने भोगली, तिची शिकवण दुसऱ्याला मिळाली. आणि ती पोहोचवणारे दूत होते जीवाणू.

हा निरोप जातो कसा? दोन वाटा बऱ्याच अंशी उजेडात आल्या आहेत. भाज्या, डाळी, भाकरी यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही, तो जीवाणू आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, ब्युटिरेट यांसारखी लहान आम्ले तयार होतात. ती रक्तातून दूरवर जातात. दुसरी वाट पित्ताची. यकृताने सोडलेल्या पित्ताम्लांचे रूप जीवाणू पालटतात, आणि पित्ताम्ले तपकिरी मेदाला जाळण्याची चेतना देतात असे २००६ साली उंदरांत दाखवले गेले.

येथवर सारे सुसंगत वाटते. परंतु त्याच जिनिव्हाच्या प्रयोगशाळेने त्याच २०१५ साली असेही दाखवले, की प्रतिजैविके देऊन जीवाणू नाहीसे केले तरी पांढरा मेद तपकिरी होऊ लागतो. आणि २०१९ साली दुसऱ्या एका गटाने नेमके उलट मांडले : जीवाणू नाहीसे केले की उष्णता निर्माण करण्याची शक्ती उणावते, आणि ब्युटिरेट दिल्यास ती काही अंशी परतते. एकाच प्रश्नाला दोन जाणत्यांनी दोन उत्तरे दिली आहेत. शिवाय यांतील बहुतेक प्रयोग उंदरांवरचे. म्हणून जीवाणूंची पूड खाऊन चरबी वितळेल असे सांगणारी जाहिरात कोणी दाखवली, तर तिच्यावर इतक्यात विश्वास ठेवू नका. मी माझ्या गोळ्या सोडलेल्या नाहीत.

मराठीचा अध्यापक म्हणून एकच गोष्ट बोलतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात प्राणिमात्रांच्या देहात राहून अन्न पचवणाऱ्या वैश्वानराचा उल्लेख आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्या ठिकाणी जठरातील आगटी आणि प्राणापानांचा भाता असे रूपक योजले आहे. हे वाचून ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. ज्ञानेश्वरांना जीवाणू ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या थोरवीला त्याने उणेपणा येत नाही. त्यांनी आपल्याला दिली ती भाषा. आगटी, भाता, ऊब, धग या शब्दांत आजचे शास्त्रही सांगता येते. आज या गावात मराठीतून शास्त्र शिकणारी मुले विरळाच. म्हणूनच तासभर का होईना, ते मराठीत बोलून पाहावे असे मला वाटले.

अखेर पुन्हा त्या वर्गात जातो. गुरुजींना त्या दिवशी दुःखी मुलाचे समाधान करणारे काहीतरी सांगून मोकळे होता आले असते. देवाची इच्छा, असे घरी सगळे म्हणतच होते. त्यांनी मला माझा प्रश्न परत दिला, आणि तो बाळगण्याच्या योग्यतेचा आहे असे सांगितले. जिनिव्हाच्या संशोधकांनीही २०१५ साली आपले पेचात पाडणारे दोन्ही निष्कर्ष उघडपणे मांडले. येथे बसलेल्या शिक्षकबंधूंना माझी एवढीच विनंती आहे, की एखादे मूल असा प्रश्न विचारील तेव्हा खडू खाली ठेवावा.

वहीतल्या प्रश्नापुढे मी उत्तर लिहिले आहे. त्याखाली आणखी दोन नवे प्रश्न लिहावे लागले, ते ही मुले सोडवतील.