जुन्या संगणकाची नवी कारभारीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी एकीने आपल्या संसारात शिकलेले चार शब्द सांगावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. कुणी लोणच्यांवर बोलल्या, कुणी हळद शिजवण्यावर बोलल्या. यंदा माझ्या वाट्याला घरातल्या जुन्या संगणकाचा विषय आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा पुस्तकी ज्ञान मी सांगू शकणार नाही. परंतु निवड कशी करावी, हे बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. बाजारात गवार कोवळी की जून, हे आपण शेंग मोडून पाहतो आणि मगच तराजूत घालू देतो. संगणकाच्या बाबतीतही तीच रीत चालते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आमच्या घरी २०१३ साली थोरल्या मुलासाठी संगणक घेतला. तो शिकून नोकरीला पुण्यास गेला आणि संगणक धाकटीकडे आला. ती आता बारावीला आहे. गेल्या वर्षापर्यंत त्यावर तिचे काम होईना. इंटरनेटची पाने दाखवणारा जो प्रोग्रॅम असतो, ज्याला ब्राउझर म्हणतात, तो जुना झालेला. त्यामुळे अर्जांची पाने उघडत नसत. मग प्रत्येक अर्जासाठी आणि प्रत्येक छापील कागदासाठी तिला बाहेरच्या दुकानात जावे लागे. पैसे जात ते जातच, पण दिवेलागण होऊन गेली तरी मुलगी रांगेतच, याचा घोर अधिक. एका दुकानदाराने सांगून टाकले, "ताई, हा भंगारात घाला, नवा घ्या." नव्याचे तीस-पस्तीस हजार पडत होते. तेवढी रक्कम मोकळी नव्हती, आणि जी होती ती मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी राखलेली होती.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा तो हा, की बिघडले आहे ते नेमके काय? नांदेडला शिकणारा माझा भाचा दिवाळीला आला होता. त्याने यंत्र उघडून, धूळ झाडून पाहिले. तो म्हणाला, "मावशी, यंत्र शाबूत आहे. कारभार तेवढा जुना झाला आहे."

हा कारभार म्हणजे काय? मोठ्या वाड्यात एक कारभारीण असते. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला. कुणाला किती धान्य द्यायचे, पाहुण्याला कुठे बसवायचे, दाराशी आलेल्याला आत घ्यायचे की नाही, हे सगळे ती ठरवते. संगणकात हे काम जो मुख्य प्रोग्रॅम करतो त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण मराठीत कार्यप्रणाली म्हणू. आपल्याकडच्या बहुतेक घरी मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली असते. आमच्याकडे तिची सातवी आवृत्ती होती. कंपनीने तिची सुरक्षेची डागडुजी १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली, आणि गूगलचा क्रोम ब्राउझर २०२३ पासून तिच्यासाठी नवा निघेनासा झाला. दहाव्या आवृत्तीचा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अकरावी आवृत्ती घालावी म्हटले तर तिला निदान ४ जीबी रॅम लागते, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रातच असावी लागते. आमच्या यंत्रात ती नव्हती. अशी कितीतरी यंत्रे केवळ याच कारणाने कोपऱ्यात कापडाखाली झाकून पडली आहेत.

अशा यंत्राला दुसरी कारभारीण मिळते. तिचे नाव लिनक्स. ती मुक्त प्रणालींपैकी आहे. मुक्त म्हणजे नुसती फुकट नव्हे. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा. ओवी कुणा एकीच्या मालकीची नसते. आजीने गायिली, लेकीने सासरी नेली, तिथल्या जावेने तिला आपली एक ओळ जोडली. कुणी कुणाची परवानगी मागितली नाही, आणि जोडलेली ओळ पुढे सगळ्यांची झाली. मुक्त प्रणाली तशीच आहे. ती कशी बनवली हे उघडे असते. कुणीही वापरावी, वाटावी, सुधारावी, आणि लिनक्सच्या बाबतीत अशी अट आहे की सुधारलेली दुसऱ्याला द्याल तर तिची घडणही उघडी ठेवावी लागते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या कार्याची घोषणा केली, आणि १९९१ साली फिनलंड देशातील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून तो लोकांसमोर ठेवला. पुढे जगभरच्या हजारो माणसांनी त्याला आपापली ओळ जोडली.

कुणाला वाटेल, फुकटची वस्तू हलकी असणार. तर भगिनींनो, तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाईल लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. जगातले सर्वांत वेगवान असे जे पाचशे महासंगणक मोजले जातात, ते सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर आहेत. केरळातील सरकारी शाळांत मुले मुक्त प्रणालीवरच संगणक शिकतात. आणि आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे, तिच्या अमेरिकेतल्या थोरल्या बहिणींनी २०१५ साली गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. त्या नोंदींचा हिशेब करणारे संगणकही लिनक्सवरच चालतात. तेव्हा आमच्या माजघरातल्या संगणकाने कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता निवडीकडे वळते. लिनक्स एक असली तरी तिची घराणी पुष्कळ आहेत. प्रत्येक जण आपलेच घराणे चांगले म्हणतो. मी मात्र तीन प्रश्न वहीत लिहिले. यंत्रात किती बळ आहे? आपले काम काय आहे? आणि अडले तर मदतीला कोण आहे?

पहिला प्रश्न बळाचा. रॅम म्हणजे ओटा समजा. ओटा लहान असेल तर एका वेळी दोनच भांडी मांडता येतात. आमची रॅम २ जीबी होती आणि यंत्र ६४ बिटचे होते. ४ जीबी किंवा अधिक रॅम असेल तर लिनक्स मिंट घालावी. तिच्यातही सिनॅमन नावाची सजलेली आवृत्ती जड आणि एक्सएफसीई नावाची साधी आवृत्ती हलकी. २ जीबी असेल तर लुबुंटू सुखाने चालते. त्याहून कमी असेल किंवा यंत्र ३२ बिटचे असेल तर वाट अरुंद होत चालली आहे. डेबियन हे जुने, भरवशाचे घराणे. त्याच्या तेराव्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, ३२ बिट यंत्रावर ती नव्याने घालण्याची सोय उरलेली नाही. अशा यंत्रासाठी अँटीएक्स आहे. आपल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने काढलेली बॉस ही प्रणालीही आहे. ती २००७ साली निघाली, आणि तिच्यात भारतीय भाषांची सोय मुद्दाम केलेली आहे.

दुसरा प्रश्न कामाचा. आमचे काम असे: मुलीचे अर्ज आणि अभ्यासाचे व्हिडिओ, आपल्या बचत गटाचा हिशेब, सासूबाईंचे कीर्तन आणि ह्यांची बातमीपत्रे. यातले काहीही लिनक्सवर अडत नाही. पत्रे आणि हिशेब यांसाठी लिब्रेऑफिस नावाचा प्रोग्रॅम सोबतच येतो, आणि फायरफॉक्स हा ब्राउझरही येतो. पण ज्यांच्या घरी टॅली आहे त्यांनी थांबावे, कारण टॅली विंडोजसाठी बनवलेली आहे. तसेच जुन्या फॉण्टमध्ये लिहिलेल्या मराठी फाइली असतील, तर तो फॉण्ट नसल्यास भलतीच अक्षरे दिसतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. प्रिंटर आणि स्कॅनर चालतो की नाही, हे तर जोडूनच पाहावे.

पाहायचे कसे? हीच या प्रकारातली मोठी सोय आहे. प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकातले काहीही न पुसता, नुसती चालवून पाहता येते. फाइल साधारण ३ जीबीची असते. ती त्या त्या प्रणालीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावी, आणि ८ जीबीचा मोकळा पेनड्राइव्ह घ्यावा. भाच्याने मला तीन पेनड्राइव्ह करून दिले. मी प्रत्येक प्रणाली दोन-दोन दिवस चालवली. वहीत रकाने पाडले: मराठी अक्षर नीट दिसते का, आवाज येतो का, वायफाय लागते का, प्रिंटर छापतो का, सासूबाईंना अक्षर मोठे करून मिळते का. पेनड्राइव्हवरून सगळेच जरा सावकाश चालते, म्हणून वेगाचे गुण मी कुणाचे कापले नाहीत.

सिनॅमन दिसायला देखणी, पण आमच्या ओट्यावर तिची भांडी मावेनात. लुबुंटू चपळ, तिला तक्रार नव्हती. एक्सएफसीई तिच्याहून किंचित जड. येथे तिसऱ्या प्रश्नाने निकाल दिला. लुबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीची डागडुजी तीन वर्षे मिळते, मिंटची पाच वर्षे. मिंटची बाविसावी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल. भाचा शिकून कुठे नोकरीला जाईल कोण जाणे. घरात जाणते माणूस रोज नसते, त्या घरी लवकर लवकर बदलावी लागेल अशी कारभारीण आणू नये, असे माझ्या मनाने घेतले. म्हणून एक्सएफसीई ठरवली, आणि ओटा थोडा वाढावा म्हणून जुन्या बाजारातून २ जीबी रॅमची आणखी एक पट्टी आणली. रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्यावी, कारण नव्या प्रकारची जुन्या यंत्रात बसत नाही. ज्यांना थोडा अधिक खर्च झेपेल त्यांनी जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घालावी. जुन्या यंत्राला त्याने फारच हुरूप येतो.

प्रणाली पक्की बसवताना डिस्क पुसली जाते. म्हणून आधी लग्नाचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, हिशेब, सारे दुसऱ्या डिस्कवर उतरवून, ते तेथे उघडते की नाही हे पाहून मगच पुढे जावे. भांड्याला कल्हई करण्याआधी आतले दूध दुसऱ्या पातेल्यात काढतोच की नाही! आम्ही तसेच केले. सगळे काम एका दुपारी झाले.

आता मुलगी अर्ज घरी भरते. बाहेर जायचे ते तिच्या हौसेने. हिशेबाच्या वहीसोबत आपल्या बचत गटाचा ताळेबंद गेल्या सहा महिन्यांपासून मी त्यावर मांडते, तोही मराठीत. इनस्क्रिप्ट ही कळफलकाची सरकारमान्य मांडणी त्यात आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. महिनाभर रोज अर्धा तास बसले आणि बोटे वळली. सातवीनंतर पाटी सुटली ती सुटलीच असे मी धरून चालले होते. पण शिकण्याला इयत्ता लागत नाही, बसायला जागा आणि अर्धा तास लागतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. नवी प्रणाली आली तरी अपडेट करणे चुकवू नये. आणि कारभारीण कितीही दक्ष असली तरी आपण होऊन फोनवर ओटीपी सांगितला, तर ती काही करू शकत नाही. शिवाय अगदी जुने यंत्र नव्यासारखे धावेल अशी आशा धरू नये. ब्राउझरमध्ये एकाच वेळी दहा पाने उघडली तर ते दमतेच. त्याच्या वयाचा मान ठेवावा.

भगिनींनो, आपल्यापैकी काहींच्या घरी असाच संगणक झाकून ठेवलेला आहे, हे मला ठाऊक आहे. तो भंगारात देण्याआधी वरचे तीन प्रश्न विचारा. पेनड्राइव्ह माझ्याकडे आहेत. मंगळवारी दुपारी चहाच्या आधी आमच्या घरी या, वही सोबत आणा, आणि येताना मुलीलाही घेऊन या. आपण शेंग मोडून पाहू.